पाय पुढे नेण्याआधी ब्रेक बघा

(छत्रपती संभाजीनगर येथे आयटीआयच्या विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मुलांनो, क्रूझर गाडीचे फूटरेस्ट पुढे घ्यायचे म्हटलं की गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो घेऊनच येतं. पाय कुठे दिसले पाहिजेत, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तुम्ही मात्र सुरुवात करायची ती ब्रेकच्या पायापासून. आजच्या गाड्यांत तो उजवा, जुन्या बुलेटला डावा. ब्रेकचं गणित जमत नसेल तर सरळ सांगा, हे काम मी घेत नाही.

आपल्या वाळूज औद्योगिक वसाहतीत लेझर कटिंग आहे, लेथ आहेत, चांगले वेल्डर आहेत. फूटरेस्ट धरणारं ब्रॅकेट करून घेणं आपल्याकडे अवघड नाही. अवघड आहे ते जोर कुठून कुठे जातो हे बघणं.

मागच्या डिस्क ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे ब्रेकच्या तेलावर दाब देणारा पंप, बहुतेक गाड्यांत मूळ पेडलजवळच असतो. पेडल दीड-दोन फूट पुढे गेलं की पुष्कळ जण मध्ये एक लांब सळई टाकून मोकळे होतात. पाय दाबला की सळई सिलिंडरला ढकलते. स्टँडवर हे छान चालतं. आता हिशेब करा. 8 मिलिमीटर जाडीची माइल्ड स्टीलची सरळ सळई, दोन्ही टोकांना पिन. लांबी 300 मिलिमीटर असेल तर ऑयलरच्या सूत्राने, म्हणजे दाबाखाली सळई कधी वाकते ते सांगणाऱ्या सूत्राने, ती साधारण 440 किलोच्या दाबाला बाक घेते. लांबी 600 केली की ताकद निम्मी नाही, पाव होते. म्हणजे 110 किलो. समोर अचानक म्हैस आडवी आली, पायाने 40 किलोचा जोर दिला, पेडलचा रेशो 4 ला 1 आहे, म्हणजे पेडल पायाचा जोर चौपट करतं, तर सळईवर 160 किलो आले. सळई मधोमध वाकते, पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. रोजच्या हलक्या ब्रेकला हे कधीच कळत नाही. ज्या क्षणी गरज असते, नेमकं त्याच क्षणी कळतं.

म्हणून लांब सळई ढकलायची नाही, ओढायची. ओढली जाणारी सळई बाक घेत नाही. मूळ पेडलचा खालचा भाग, तो ज्यावर फिरतो ती पिन आणि सिलिंडर जागेवर ठेवा, आणि पुढच्या नव्या पेडलने त्याला ओढून घ्या. पण लक्षात ठेवा, दोन लिव्हरचे रेशो एकमेकांना गुणले जातात. मागचा 4 असेल तर पुढचा 1 च्या आसपास ठेवा. खूप वाढवलात तर पायाला ब्रेक हलका वाटेल, पण तो पूर्ण लागण्याआधीच पेडलची चाल संपेल. कमी केलात तर पायाला तेवढाच जास्त जोर लावावा लागेल. ड्रम ब्रेकची सळई मुळातच ओढली जाते, तिथे काम सोपं. फक्त ब्रेक लाइटचा स्विच नव्या पेडलला जोडायला विसरू नका. मागच्याला तोच दिवा दिसतो.

125 सीसीची गाडी घेऊन कोणी आलं तर आधी सीबीएस, म्हणजे दोन्ही चाकांचे ब्रेक जोडणारी व्यवस्था, आहे का बघा. एप्रिल 2019 पासून या गटातल्या गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी व्यवस्था) सक्तीचं आहे. सीबीएसमध्ये पायाचा ब्रेक पुढच्या चाकालाही लागतो. त्या जोडणीला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गिअरला जोर कमी लागतो, तिथे शत्रू म्हणजे ढिलाई. प्रत्येक जॉइंटमध्ये थोडा प्ले, म्हणजे सैलपणा, असला तरी पायाला न्यूट्रल सापडत नाही. चांगले रोझ जॉइंट, म्हणजे सळईच्या टोकाला बसणारे गोळीचे जॉइंट, वापरा, एका टोकाला सरळ आटे, दुसऱ्या टोकाला उलटे. मग सळई न काढता नुसती फिरवून लांबी जुळते, शेवटी दोन्हीकडे चेकनट, म्हणजे सळई फिरू न देणारे नट, आवळायचे. लिव्हर मधल्या स्थितीत असताना सळई तिच्याशी काटकोनात असली पाहिजे. आणि सळई पिनच्या वरून काढून खालच्या बाजूला जोडलीत तर गिअर उलटे पडतात, हेही तपासा.

ब्रॅकेट फ्रेमच्या नळीला वेल्ड करू नका. पातळ नळी वेल्डच्या शेजारी चिरते. इंजिनच्या पुढच्या माउंटिंगचा आधार घ्या, 8.8 ग्रेडचे मजबूत बोल्ट आणि हादऱ्याने ढिले न होणारे नायलॉक नट लावा. फूटरेस्ट वर आणि मागे दुमडणाराच हवा. कन्नडच्या घाटात वळणावर गाडी कलली, फूटरेस्ट रस्त्याला लागला आणि तो दुमडला नाही, तर मागचं चाक उचललं जातं.

गिऱ्हाइकाला आणखी एक गोष्ट समजावून सांगा. पाय पुढे गेले की खड्ड्यावर फूटरेस्टवर उभं राहता येत नाही, सगळा दणका माकडहाडावर येतो. धुळे-सोलापूर रस्ता सोडून गावात शिरलात की गतिरोधक काही कमी नाहीत. म्हणून काम सुरू करण्याआधी त्याला गाडीवर बसवा, दोन्हीकडे लाकडी ठोकळे ठेवा, गुडघा थोडा वाकलेला राहील तिथे खडूने खूण करा. उंची बघून अंदाज बांधू नका.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचून ठेवा. नोंदणीतला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. शंका असेल तर आधी आरटीओत विचारायचं, विमा कंपनीलाही लेखी कळवायचं.

पावसाळ्यात गाडी परत बोलवा. पुढचं चाक काळी माती थेट या जॉइंटवर फेकते, आणि ती वाळली की दगडासारखी बसते. रबरी टोप्या लावा, जॉइंट धुऊन ग्रीस भरा, पेडल हाताने दाबून सोडा. ते आपोआप पूर्ण वर आलं नाही तर मागचा ब्रेक चिकटून राहतो, गरम होतो. तसं असेल तर रिटर्न स्प्रिंग बदलूनच गाडी द्या.