‘सिबिलमध्ये नाव आले’ म्हणजे नेमके काय?

कर्जाचा अर्ज नामंजूर झालेला माणूस बँकेतून घरी येतो, तेव्हा घरच्यांना सांगण्यासाठी त्याच्याजवळ बहुधा एवढेच वाक्य असते : ‘माझे सिबिलमध्ये नाव आले आहे.’ बँकेच्या कर्जविभागात काम करताना हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले, आणि ते उच्चारणाऱ्याची मान प्रत्येक वेळी खाली गेलेली पाहिली. जणू पोलीस ठाण्याच्या फळ्यावर नाव लागावे तसे ते नाव कुठल्यातरी काळ्या यादीत लागले आहे. अशी यादी नाही. ज्याने आयुष्यात एकदा जरी बँकेचे किंवा वित्त कंपनीचे कर्ज घेतले असेल किंवा क्रेडिट कार्ड वापरले असेल, त्याचे नाव तिथे असतेच, आणि प्रत्येक हप्ता तारखेच्या आत भरणाऱ्याचेही असते. नाव असण्यात दोष नसतो. नावापुढे काय लिहिले आहे, एवढाच प्रश्न असतो.

सिबिल ही कर्जदारांच्या परतफेडीची माहिती ठेवणारी कंपनी; तिची स्थापना २००० साली झाली. पुढे २००५ मध्ये अशा कंपन्यांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा झाला, आणि आज ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने हे काम करतात. कर्ज देणाऱ्या संस्थांनी पाठवलेली माहिती एकत्र करून ती अहवालाच्या रूपात मांडणे, हे त्यांचे काम. कर्ज मंजूर करण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार त्यांना नाही. तो निर्णय सर्वस्वी बँकेचा असतो. ३०० ते ९०० या टप्प्यातील जो गुणांक आपण ‘स्कोअर’ म्हणून ओळखतो, तो याच माहितीवरून काढलेला असतो, आणि प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी असल्यामुळे एकाच माणसाचे चार ठिकाणचे आकडे जुळत नाहीत. अमुक गुणांकाखाली कर्ज देऊ नये, असा कोणताही कायदा नाही. ७५० चा आकडा लोकांच्या तोंडी बसला आहे खरा, पण प्रत्येक बँक आपली मर्यादा स्वतः ठरवते.

म्हणून माझा आग्रह असतो की गुणांक बाजूला ठेवा आणि अहवाल वाचा. त्यात प्रत्येक कर्जखात्याखाली महिन्यांचे चौकोन असतात आणि त्या त्या महिन्यात हप्त्याला किती दिवस उशीर झाला, हे त्यात लिहिलेले असते. शून्य असेल तर उशीर नाही; ३० किंवा ६० असेल तर तितके दिवस थकबाकी; आणि ९० दिवसांच्या वर गेले की खाते अनुत्पादक (एनपीए) ठरते. मागील तीन वर्षांचे हे चौकोन कर्ज अधिकारी गुणांकापेक्षा अधिक बारकाईने पाहतो. दोन वर्षांपूर्वी सलग चार महिने चुकलेले आणि त्यानंतर नियमित झालेले खाते आणि गेल्या चार महिन्यांपासून चुकू लागलेले खाते यांत त्याच्या लेखी मोठे अंतर असते.

या अहवालातील ज्या शब्दाने मी सर्वांत जास्त माणसे अडलेली पाहिली, तो शब्द म्हणजे ‘सेटल्ड’. एक उदाहरण सांगतो. एका छोट्या व्यापाऱ्याचे क्रेडिट कार्डाचे साठ हजार रुपये थकले होते. वसुली करणाऱ्या माणसाने फोन करून सांगितले की पंचवीस हजार एकरकमी भरा, खाते बंद करून टाकू. त्यांनी पैसे भरले, पत्र घेतले आणि सुटकेचा श्वास सोडला. पाच वर्षांनी मुलाच्या नावे घर घ्यायचे ठरले, तेव्हा सहकर्जदार म्हणून त्यांचा अहवाल काढला गेला आणि अर्ज तिथेच थांबला. त्यांच्या दृष्टीने व्यवहार मिटला होता. बँकेच्या दृष्टीने त्यांनी साठ हजारांचे देणे पंचवीस हजारांत तोडले होते, आणि उरलेले पस्तीस हजार बँकेने सोडून दिले होते. ‘क्लोज्ड’ म्हणजे पूर्ण फेड आणि ‘सेटल्ड’ म्हणजे तडजोड, हा फरक त्यांना त्या फोनवर कुणीही सांगितला नव्हता. ही गोष्ट मला आजही खटकते. तडजोडीचे पत्र देतानाच अहवालात खात्याची स्थिती कशी नोंदवली जाईल, हे ग्राहकाला मराठीत, त्याला समजेल अशा भाषेत लिहून दिले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तडजोड कधीच करू नये, असे मात्र मी म्हणणार नाही. ज्या घरात मोठे आजारपण आले आहे किंवा कमावता माणूस गेला आहे, तिथे तडजोड हाच शहाणपणाचा मार्ग असू शकतो. परिस्थिती सावरल्यावर त्याच बँकेकडे जाऊन उरलेली रक्कम भरण्याची तयारी दाखवता येते. बँकेने ती स्वीकारली तर थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा आणि खाते ‘क्लोज्ड’ म्हणून कळवण्याची लेखी विनंती करावी. त्या व्यापाऱ्यांनी तेच केले. जुन्या उशिराच्या नोंदी त्यामुळे लगेच पुसल्या गेल्या नाहीत, पण पुढच्या अर्जाच्या वेळी त्यांच्या हातात दाखवण्यासारखा कागद होता.

दुसरी गोष्ट जामीनकीची. आपल्याकडे शिक्षक, तलाठी, एसटीतील कर्मचारी अशा पगारदार माणसाकडे नातेवाईक आणि मित्र जामिनाची सही मागायला येतात, आणि ‘सहीच तर करायची आहे’ म्हणून ती दिली जाते. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १२८ असे सांगते की करारात वेगळे ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ते कर्ज जामीनदाराच्या अहवालातही दिसते आणि मेव्हण्याने चुकवलेला हप्ता स्वतःच्या गृहकर्जाच्या वेळी समोर उभा राहतो. मधेच ‘माझे नाव काढा’ म्हटल्याने नाव निघत नाही. त्यासाठी बँकेची संमती आणि सामान्यतः तितकाच सक्षम दुसरा जामीनदार लागतो.

याच्या उलट अडचण पतसंस्थेच्या सभासदांची असते, आणि महाराष्ट्रात ती फार मोठी आहे. पंधरा वर्षे पतसंस्थेचे हप्ते एकदाही न चुकवलेला माणूस बँकेत येतो आणि त्याचा अहवाल कोरा निघतो, कारण सहकार कायद्याखाली नोंदलेल्या पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाहीत आणि त्यांची माहिती बहुतांशी या कंपन्यांकडे जातच नाही. गावात ज्याची पत सर्वांना ठाऊक आहे, तो कागदावर अनोळखी ठरतो. अशा कोऱ्या अहवालामुळे गुणांकाच्या जागी उणे एक दिसतो, आणि तो पाहून अनेकजण हादरतात. त्याचा अर्थ मात्र ‘इतिहास उपलब्ध नाही’ एवढाच आहे. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वीचा कर्जइतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने सांगितलेले आहे. अशा अर्जदाराने पतसंस्थेचा खातेउतारा आणि बेबाकी दाखला अर्जासोबत जोडावा. समजूतदार अधिकारी तो वाचतो.

अर्ज नाकारण्यामागे अहवालाशी संबंध नसलेली कारणेही असतात. चालू हप्त्यांची बेरीज उत्पन्नाच्या मानाने जास्त असणे, नोकरी नुकतीच बदललेली असणे, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नसणे किंवा सातबारावर जुना बोजा शिल्लक असणे, यांपैकी काहीही असू शकते. काउंटरवर मात्र सगळ्याचे उत्तर ‘सिबिल’ असेच मिळते, कारण ते सांगणे सोपे असते. म्हणून कारण लेखी मागा. अर्ज नामंजूर करताना मुख्य कारण लेखी कळवावे, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना जुनी आहे, आणि बँकेने आपला जो अहवाल पाहिला, त्याची प्रत मागण्याचा हक्क २००५ च्या कायद्याच्या कलम २१ ने अर्जदाराला दिलेला आहे. हे न करता त्याच आठवड्यात आणखी पाच ठिकाणी अर्ज टाकला, तर प्रत्येक चौकशीची नोंद अहवालात होते आणि सहाव्या बँकेला समोर एक घायकुतीला आलेला माणूस दिसतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने मात्र गुणांक कमी होत नाही. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत देणे बंधनकारक आहे.

अहवालात चुका असतात, आणि आपल्या नावांच्या पद्धतीमुळे त्या वाढतात. वडील आणि मुलगा यांची आद्याक्षरे सारखी, पत्ता एकच, इंग्रजीतील आडनावाचे स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळे, आणि स्त्रियांच्या बाबतीत लग्नाआधीचे आणि नंतरचे नाव निराळे. एका शिक्षिकेच्या अहवालात त्यांनी कधीही न घेतलेले दुचाकीचे कर्ज थकीत दिसत होते. ते त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या स्त्रीचे निघाले. अशा वेळी पॅन, जन्मतारीख आणि पत्ता यांच्या पुराव्यासह त्या कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्या संस्थेकडे, दोन्हीकडे तक्रार नोंदवावी आणि तारखेसह पोच जपून ठेवावी. संस्थेने कळवल्याशिवाय कंपनी परस्पर नोंद बदलू शकत नाही, म्हणून दोन्ही दारे ठोठवावी लागतात. दुरुस्त माहिती कळवायला कर्ज देणाऱ्या संस्थेला २१ दिवस आणि तक्रार निकाली काढायला एकूण ३० दिवस, अशी मुदत आहे. तेवढ्यात तक्रारीचा निकाल लागला नाही, तर २०२४ च्या एप्रिलपासून प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळते. तरीही दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते, आणि सप्टेंबर २०२२ पासून या चार कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत.

त्या शिक्षिकेची नोंद सव्विसाव्या दिवशी काढली गेली. त्यांनी नवा अहवाल मागवला, त्याची प्रत जुन्या नकारपत्राला जोडली आणि त्याच शाखेत पुन्हा अर्ज दिला.