लंपन मोठ्यानं वाचायचा

नमस्कार श्रोतेहो.

'पुस्तकाची मध्यवर्ती कल्पना लिहा' असा प्रश्न घातला की मुलं काय लिहितात, ते सव्वीस वर्षं तपासत आलेय मी. 'यातून आपणांस असा बोध मिळतो की...' एवढं दिसलं की पुढचं वाचायचीसुद्धा गरज पडत नाही. मुलांना नावं ठेवून उपयोग नाही, आम्हीच तसं घोटून घेतलं.

आज मी प्रकाश नारायण संतांचा लंपन घेऊन बसलेय. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर'. तसे हे कथासंग्रह. पण सगळीकडे तोच मुलगा, तेच घर, आणि मुलगा हळूहळू वाढत जातो. त्यामुळे ओळीनं वाचले की त्यांची किशोरांची कादंबरीच होते. निदान मी तरी तशीच वाचते.

संत आपल्या बेळगावचे. जन्म 1937 चा, कवयित्री इंदिरा संतांचे चिरंजीव. पुढं कराडला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. कागदोपत्री नाव मात्र भालचंद्र गोपाळ दीक्षित. दीक्षित हे आजोळचं नाव. आणि लंपन? तोही आई-बाबांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहतो. म्हणून पहिल्या पुस्तकाचं नाव 'वनवास'. आता यावर 'मध्यवर्ती कल्पना : आईवडिलांचा विरह' असं लिहून कुणी मोकळं होईल, आणि मार्कही मिळतील. गंमत अशी की हा मुलगा विरहाबद्दल फारसं बोलतच नाही. तो बोलतो मॅडसारखं. त्याला सगळंच मॅड वाटतं. काही मोजायचं झालं की आकडा थेट हजारांच्या घरात. आपण हसतो. आणि हसता हसता लक्षात येतं की आकडा असा फुगला म्हणजे पोरगं काहीतरी लपवतंय.

हा सूर. आशयाला तिथूनच हात घालायचा, उलट्या बाजूनं गेलं की बोधाच्या खड्ड्यात पडतो आपण.

हे मला पुस्तकानं नाही, एका वहीनं शिकवलं. खानापूर तालुक्यातल्या खेड्यातली एक मुलगी शिकायला बेळगावातल्या शहापूरला मावशीकडं राहायची. 'माझं घर' यावर निबंध घातला होता. तिनं लिहिलं, 'मला आईची आठवण येत नाही. खरं रोज बसस्टँडवर थांबतो आणि खानापूरच्या बसची कन्नड पाटी पूर्ण वाचतो.' मी तांबडं पेन उचललं. 'खरं' खोडून 'पण' केलं. 'थांबतो' ची 'थांबते', 'वाचतो' ची 'वाचते'. वर शेरा, 'शुद्ध भाषा वापरावी'. आणि मी स्वतः घरी काय बोलते? 'आई, मी आलो.' आमच्याकडच्या बायका-मुली अशाच बोलतात की! इकडं 'खरं' म्हणजेच 'पण', हेही मला काय नवीन होतं?

त्या दोन वाक्यांत काय आहे बघा. आठवण येत नाही म्हणते, आणि पाटी पूर्ण वाचते. गावाचं नाव वाचायला कितीसा वेळ लागतो? तरी 'पूर्ण'. तो एक शब्द काढला तर निबंधातली मुलगीच निघून जाते. आणि 'खरं' चं 'पण' केल्यावर वाक्य बरोबर झालं, बोलणारी मात्र बदलली. ती शाळेची झाली.

लंपनच्या बाबतीत लेखकानं ही तांबडी शाई वापरली नाही. कन्नडाचा शेजार असलेली इकडची बोली त्याच्या तोंडात तशीच ठेवली. म्हणून तो उभा राहतो. तो गोरा की सावळा, उंच की बुटका, हे पात्रपरिचयाच्या प्रश्नात विचारू नये. तो कशाकडं टक लावून बघतो आणि कशावरनं नजर काढून घेतो, हे विचारावं. मैत्रीण सुमी गोष्टीत आली की त्याच्या बोलण्याची चाल कशी बदलते, ते ऐकावं. आजीसुद्धा आपल्याला कळते ती त्याच्या कानातनं, त्याच्या जिभेवरनं.

आणखी एक. काही वाचक या पुस्तकांत सीमाप्रश्न शोधतात. मला ते ओढूनताणून वाटतं. लेखकाचं बालपण 1940 च्या दशकातलं, आणि बेळगाव कर्नाटकाकडं, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, गेलं ते 1 नोव्हेंबर 1956 ला. लंपनला कन्नड हा शेजारघरातला आवाज आहे. त्यावर बाजू घ्यावी असं त्याला सुचतच नाही. आपल्याला सुचतं, हा भाग वेगळा.

तर शिक्षकांना सांगणं एवढंच, प्रश्न फळ्यावर लिहायच्या आधी एक पान वर्गात मोठ्यानं वाचून घ्या. इकडच्याच पोराकडनं, इकडच्याच हेलात. मी गेल्या वर्षी घेतलं. मोठा आकडा आला तसा वर्ग खदखदून हसला. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा तेवढा हसला नाही. त्याचे वडील कामासाठी गोव्याला असतात. मी त्याला प्रश्न विचारला नाही, पुढचं पान त्यालाच वाचायला दिलं.

नमस्कार.