लाल टोपी, नारिंगी टोपी

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेत एका निवृत्त परिचारिकेने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

बाहेरच्या फळ्यावर 'वैद्यकीय चुका आणि कायदा' असा विषय लिहिलाय. कायद्याकडे येतेच. पण 31 वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईच्या हातात माईक दिलात, तर आधी वॉर्ड ऐकावा लागेल.

ह्या दोन सिरिंज बघा. पुढे पाठवते, सुया काढल्यात, घाबरू नका. एकीची टोपी लाल, दुसरीची नारिंगी. डायबेटिसवाले किती जण आहेत? हात वर करा. एवढेच? बाकीच्यांनी घरी पेढे खाल्लेले दिसतात. तर, बाटलीतलं इन्सुलिन आपल्याकडे दोन ताकदींचं मिळतं. एका मिलीत 40 युनिट, नाहीतर 100 युनिट. लाल टोपी चाळीसची, नारिंगी शंभरची. हे मी नर्सिंगच्या कितीतरी मुलींना घोकून घेऊन शिकवलंय.

आता आमच्या घरची गोष्ट. आमच्या ह्यांना बरीच वर्षं चाळीसचं इन्सुलिन चालू होतं. मी निवृत्त झाले त्याच वर्षी डॉक्टरांनी ते बदललं. नवीन इन्सुलिन दिवसातून एकदाच, रात्री 16 युनिट. कागदावर नाव, आकडा, सही, बस्स. मेडिकलवाल्याने बाटली दिली, बर्फाची पिशवी दिली आणि सुटे नाहीत म्हणून दोन लिमलेटच्या गोळ्या दिल्या. इन्सुलिन घ्यायला आलेल्या माणसाला लिमलेट! "सिरिंज आहेत ना घरी?" त्याने विचारलं. "ढीगभर आहेत," मी म्हटलं.

होत्याच. सगळ्या लाल टोपीच्या. मी सोळाव्या रेघेपर्यंत औषध भरलं, बुडबुडा काढला, उजेडात धरून बघितलं, टोचलं. लाल सिरिंजची सोळावी रेघ म्हणजे 0.4 मिली. जुन्या बाटलीतून ते 16 युनिट झाले असते. नवी बाटली शंभरची होती. माझ्या हाताने नवऱ्याला 40 युनिट गेले.

पहाटे चारला जाग आली तर हे हजेरी घेताहेत. शाळेत मास्तर होते, कुठल्यातरी जुन्या वर्गाची नावं एकामागून एक चालली होती. मला वाटलं स्वप्नात असतील. हाताला हात लावला तर गार, उशी घामाने भिजलेली. मशीनवर साखर 38. गिळता येत होतं म्हणून चमच्याचमच्याने साखरेचं पाणी घातलं, शेजारच्यांची गाडी काढून दवाखाना गाठला. हे इन्सुलिन जवळजवळ 24 तास चालतं, त्यामुळे एकदा साखर वर आली म्हणून भागत नाही. दिवसभर ग्लुकोजचं सलाइन आणि तासातासाला बोटाला टोचणी. संध्याकाळी हे मला म्हणतात, "नोकरीत असेतो नाव राखलंस. घरी बसलीस आणि डाव साधलास."

हसा, हसा. मीही आता हसते.

पण चूक कोणाची? डॉक्टरांनी ताकद लिहिली नाही. मेडिकलवाल्याने सिरिंज विचारली, कुठली ते विचारलं नाही. बाटलीवर ठळक 100 छापलेलं मी वाचलं नाही. वॉर्डात दुसऱ्या सिस्टरला दाखवल्याशिवाय मी कधी इन्सुलिन टोचलं नव्हतं. घरी दाखवणार कोणाला? ह्यांना चष्मा सापडत नव्हता.

माझी तक्रार इथे आहे. वॉर्डात चूक झाली की 'कोणी केलं?' हा पहिला प्रश्न, आणि मेमो मिळतो सगळ्यात नव्या सिस्टरला. ती रडते. पुढच्या वेळी चूक होता होता वाचली तर ती कोणाला सांगत नाही. मग तीच चूक शेजारच्या वॉर्डात होते. घाईत लिहिलेला इंग्रजी 'यू' शून्यासारखा दिसतो आणि 10 युनिटचे 100 वाचले जातात. यात नव्या पोरीला मेमो देऊन काय होणार? 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहा म्हणावं!

चिठ्ठी आलीये. 'पाच मिनिटं, चहा उकळतोय.' बरं, कायदा.

1953 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाचं मांडीचं हाड मोडलं. त्याला टॅक्सीने पुण्याला आणलं. तिथे पुरेशी भूल न देता, जोर लावून हाड ओढलं गेलं आणि तो दगावला. वडिलांना 3,000 रुपये भरपाई मिळाली, ती सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये कायम केली. केस घ्यायची की नाही, कोणता उपचार करायचा आणि तो कसा करायचा, या तिन्हींत डॉक्टरने काळजी घेतलीच पाहिजे, असं तेव्हा सांगितलं. 1995 मध्ये पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात आले. 2005 मध्ये ठरलं की फौजदारीसाठी साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो. रोगी बरा झाला नाही एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही. 2008 चा निकाल बायकांनी लक्षात ठेवा: जीव धोक्यात नसेल तर तपासणीसाठी घेतलेल्या सहीवर गर्भाशय काढता येत नाही.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेची ऑपरेशनची 19 मुद्द्यांची यादी आली. रोग्याचं नाव, कुठली बाजू, हे सुरी लावण्याआधी मोठ्याने म्हणायचं. आठ शहरांतल्या रुग्णालयांत, त्यात दिल्लीही होती, मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आले. त्या कामात पुढे असलेले डॉक्टर अतुल गावंडे मूळचे आमच्या उमरखेडकडचे. वडिलांचं गाव उटी. हे सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नव्हते.

आणखी एक. केसपेपरची प्रत लेखी मागितली की 72 तासांत द्यावी लागते. अर्जाची पोच घ्या. ग्राहक आयोगात जायचं तर दोन वर्षांच्या आत.

आमच्या प्रकरणात पिंजऱ्यात कोण उभं राहिलं असतं? पहिली मीच. त्या सिरिंज परत द्या हं, आणि घरी गेल्यावर फ्रिजमधली बाटली काढून बघा. तिसऱ्या रांगेतले काका मघापासून हात वर करून आहेत. त्यांना विचारू दे, मग चहा.