श्रीखंडाच्या डब्यातली औषधं

(कोथरूडमधल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात केलेलं भाषण, थोडं संपादित)

मंडळी, निरोप दिल्याप्रमाणे बहुतेकांनी घरचा औषधांचा डबा आणलाय. त्यात श्रीखंडाचेच जास्त! पहिल्या रांगेतल्या काकूंच्या डब्यातली ही स्ट्रिप बघा. चार गोळ्या उरल्यात. दुकानदारानं कात्रीनं कापून दिली, तेव्हा तारखेचा तुकडा दुकानातच राहिला. गोळी कशाची, कधीपर्यंत चालेल, काकूंनाही आठवत नाही. मी चाळीस वर्षं औषधाच्या दुकानात काढली. अशा स्ट्रिपा मीही कापल्यात, तेव्हा दोष माझाही.

टाकून देऊ म्हणता, पण कुठं? पातळ औषध आपण सरळ बेसिनमध्ये ओततो. सांडपाण्याची केंद्रं मैला काढायला बांधलेली. विरघळलेलं औषध त्यातून बऱ्याच अंशी तसंच पुढं जातं. मुठेतून संगमावर, तिथून भीमेत, मग उजनी धरणात. अँटिबायोटिक असेल तर वाटेतले जिवाणू त्याला दाद देईनासे होतात.

आणि कचऱ्यात टाकलं तर? ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई दारावर येतात. सुका कचरा त्या हातानं निवडतात. इन्सुलिनची सुटी सुई पिशवीत असली की ती कुणाच्या बोटात जाते, हे मी सांगायला नको.

2016 च्या घनकचरा नियमांत मुदत संपलेली औषधं आणि वापरलेल्या सुया ‘घरगुती घातक कचरा’ म्हणून नोंदल्या होत्या, सीएफएल दिवे आणि फुटलेल्या थर्मामीटरच्या पंगतीत. दर 20 चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र महापालिकेनं उघडावं, असंही त्यात होतं. आपलं केंद्र कुठंय, हे संघाच्या लेटरहेडवर विचारा. एकट्याच्या अर्जाला कोण विचारतो?

केंद्र सापडेपर्यंत घरी काय करायचं? गोळ्या स्ट्रिपमधून काढा, पण कुटू नका. पूड हाताला लागते, नाकात जाते. चहाच्या ओल्या चोथ्यात कालवा, म्हणजे कुणी उचलून खाणार नाही. पिशवीत घालून चिकटपट्टीनं बंद करा, वर ‘औषधं’ असं मराठीत मोठं लिहा आणि ताईंच्या हातात वेगळी द्या, सांगून. ओल्या कचऱ्यात नको, त्याचं खत होतं. सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट. इन्हेलर फोडायचा नाही, जाळायचा नाही.

एक अपवाद. केंद्रीय औषध नियामकानं 2025 मध्ये 17 औषधांची यादी दिली, जी उरली तर संडासात टाकून पाणी सोडायचं. फेंटॅनिल, ट्रॅमाडॉल ही तीव्र वेदनेवरची औषधं त्यातली. कॅन्सरचा पेशंट गेल्यावर घरात फेंटॅनिलचे पॅच, म्हणजे कातडीला चिकटवायच्या औषधी पट्ट्या, राहतात. दुःखात कुणाचं लक्ष नसतं. वापरलेल्या पॅचमध्येही औषध उरतं. नातवंडाच्या अंगाला तो चिकटला तर जीव जाऊ शकतो. इथं नदीपेक्षा घरातला धोका मोठा.

चहा आलाय. चोथा टाकू नका, असं आत सांगून ठेवलंय. डबे उघडा.