इस्ट्रोजेन, लिव्हर आणि डिटॉक्सची गोळी

(दृश्य : लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट. कॅमेरा दोन आकड्यांवर जातो.)

एक आकडा २-हायड्रॉक्सी इस्ट्रोनचा, दुसरा १६-अल्फा-हायड्रॉक्सी इस्ट्रोनचा. इस्ट्रोजेन या हार्मोनवर शरीरात प्रक्रिया होताना हे दोन्ही तयार होतात. पहिला जास्त हवा, दुसरा कमी. तुमचं उलट आलंय? म्हणजे तुमचं लिव्हर इस्ट्रोजेनचा नीट निचरा करत नाही, कर्करोगाला आमंत्रण देतंय. मग घ्या हा डिटॉक्सचा कोर्स.

पर्यायी उपचारांच्या जगात हे हमखास ऐकू येतं. पंचाईत अशी, की यातलं निम्मं खरं आहे.

(दृश्य : जुन्या शस्त्रक्रियागृहाचं रेखाचित्र.)

१८९६. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी प्रसिद्ध केलं, की स्तनाचा कर्करोग पसरलेल्या स्त्रीची अंडाशयं काढली, तर गाठी आटू शकतात. इस्ट्रोजेन तेव्हा कुणाला ठाऊकही नव्हतं. आज आपल्याला माहीत आहे, की स्तनाचे बहुतेक कर्करोग याच हार्मोनवर पोसले जातात.

(दृश्य : ॲनिमेशन. रक्तातून लिव्हरकडे जाणारा इस्ट्रोजेनचा रेणू.)

आणि त्याची विल्हेवाट लिव्हरच लावतं, हेही खरं. आधी एन्झाइम्स रेणूच्या दुसऱ्या, चौथ्या किंवा सोळाव्या कार्बनपाशी बदल करतात. मग त्याला सल्फेट किंवा ग्लुकुरोनिक आम्ल जोडलं जातं, तो पाण्यात विरघळू लागतो आणि लघवीतून, पित्तातून बाहेर पडतो. पित्तातून आतड्यात आलेल्यापैकी काही रेणूंची ही जोडणी तिथले जिवाणू तोडतात, आणि तेवढं इस्ट्रोजेन पुन्हा रक्तात शिरतं. हे चक्र अखंड चालू असतं. यात कुठेही विष साठून राहिलेलं नाही. हार्मोन म्हणजे काही घाण नव्हे.

दुसऱ्या कार्बनची वाट चांगली, सोळाव्याची वाईट, ही कल्पना विसाव्या शतकाच्या अखेरीस संशोधकांनीच मांडली होती. तपासून पाहण्यासारखी होती, आणि ती तपासली गेली. निरोगी स्त्रियांचे नमुने आधी घेऊन ठेवले, मग वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. पण रिपोर्टमधल्या त्या दोन आकड्यांच्या गुणोत्तरावरून पुढे कुणाला कर्करोग होणार, हे भरवशानं सांगता आलं नाही. संशोधन पुढे सरकलं, रिपोर्ट मात्र विकला जातोच आहे.

(दृश्य : चिरलेला कोबी, ब्रोकोली. शेजारी कॅप्सूलची बाटली.)

डिटॉक्सच्या या बाटलीत आहे डीआयएम, म्हणजे डायइंडोलिलमिथेन. कोबी, ब्रोकोली चावताना इंडोल प्रकारचं एक रसायन तयार होतं, आणि पोटातल्या आम्लात त्याचं डीआयएम होतं. भाजी खुशाल खावी. कॅप्सूलची गोष्ट वेगळी.

२०१७ मध्ये एका चाचणीचे निष्कर्ष आले. टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेनला रोखणारं औषध. ते घेणाऱ्या स्त्रियांपैकी काहींना वर्षभर डीआयएम दिलं, १५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. बाकीच्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. डीआयएम घेणाऱ्यांचं ते गुणोत्तर सुधारलं. जाहिरातीत म्हणतात तसंच. स्तनांच्या घनतेत, जी कर्करोगाच्या धोक्याची एक खूण मानतात, तिच्यात मात्र फरक पडला नाही. आणि रक्तातलं एंडॉक्सिफेन घटलं.

इथे जरा थांबू या. टॅमॉक्सिफेन गिळलं म्हणजे काम झालं, असं नाही. लिव्हर त्यापासून एंडॉक्सिफेन बनवतं, आणि इस्ट्रोजेनची वाट अडवण्याचं बरंचसं काम हेच करतं. म्हणजे रिपोर्टवरचा आकडा देखणा झाला, आणि औषधाचं हत्यार कमी पडलं. त्यामुळे कर्करोग परतण्याचं प्रमाण वाढतं का, हे त्या चाचणीनं मोजलं नव्हतं. पण जी गोळी लिव्हरच्या कामात खरोखर ढवळाढवळ करते, ती फक्त ‘वाईट’ इस्ट्रोजेन निवडून काढेल, असं मानायला आधार काय?

डिटॉक्सच्या नावाखाली गुदद्वारातून कॉफीही सोडतात, त्या कॉफीच्या एनिमाबद्दल थोडक्यात. त्यानं लिव्हर साफ होत नाही. शरीरातल्या क्षारांचा तोल मात्र बिघडू शकतो, आणि त्याच्याशी जोडलेल्या मृत्यूंची नोंद १९८० मध्येच वैद्यकीय नियतकालिकात झाली आहे.

(दृश्य : काळा पडदा. पांढऱ्या अक्षरांत ५.६८.)

कर्करोग दूर पसरलेला नसताना नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या रुग्णांची माहिती येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडली. स्तनाच्या कर्करोगात या स्त्रियांच्या मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या ५.६८ पट होता.

(दृश्य : दवाखान्यातली खुर्ची. एक स्त्री बोटं चोळते आहे.)

तरी स्त्रिया तिकडे का वळतात, हे समजण्यासारखं आहे. हार्मोन रोखणारी गोळी पाच-पाच वर्षं चालते. अंगातून गरम वाफा निघतात, सकाळी मूठ वळत नाही, आणि तपासणीच्या घाईत हे सांगायचं राहून जातं. २०१८ च्या एका मोठ्या चाचणीत अशा गोळ्यांमुळे होणारी सांधेदुखी ॲक्युपंक्चरनं काहीशी कमी झाली. त्या सुयांनी इस्ट्रोजेन धुऊन काढण्याचा दावा कुणी केला नव्हता. गोळी चालूच होती, दुखणं थोडं उतरलं.