सोड रे मेल्या!

(भाट्याचा किनारा, संध्याकाळ. पाणी लांब ओसरलंय. मागे सुरूचं बन.)

हे समोर जे पळतायत ना, एक हात पोटावर आणि एक हात कमरेवर ठेवून, हे आमचे वर्गमित्र. 1994 ची दहावी, रत्नागिरी. शाळेच्या कबड्डी टीममध्ये आम्ही बारा जण होतो, तेरावे आमचे पीटीचे सर, ते आता नाहीत. मी कॅमेऱ्यामागे आहे कारण माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि डॉक्टरनी सांगितलंय की चालायला हरकत नाही, बाकी काही विचारू नका.

आणि तो आमचा मासेमारीच्या ट्रॉलरवाला, त्याच्या काखेत जो आहे तो रग्बीचा बॉल नाही, नीट बघा. असोला नारळ आहे, न सोललेला.

सांगतो.

आमच्यातला एक जण बारावीनंतर मुंबईला गेला, बँकेत चिकटला, पक्का चाकरमानी. तिथे ऑफिसातल्या कुणीतरी त्याला एका पावसाळ्यात ओढत मैदानावर नेलं, मुंबईत रग्बी जास्त करून पावसाळ्यात खेळतात, चिखलात. बॉम्बे जिमखाना 1875 चा आणि तिथे हा खेळ किती वर्षं चाललाय ते आम्हाला रत्नागिरीत बसून कुठे माहिती असणार, आमच्यासाठी रग्बी म्हणजे टीव्हीवर चॅनल बदलताना मधे लागतं ते. पण हा लागला खेळायला. पंधरा-वीस वर्षं खेळला, दोनदा खांदा निखळला, घरी सांगताना प्रत्येक वेळी लोकलमधून पडलो म्हणून सांगितलं.

मग दोन वर्षांमागे त्यानं बॅचच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. जपानी म्हातारे रग्बी खेळतायत. टोकियोचा फुवाकू नावाचा क्लब आहे, 1948 पासूनचा, चाळिशीच्या आत प्रवेशच नाही. साठीतले लाल चड्डी घालतात, सत्तरीतले पिवळी, ऐंशीतले जांभळी, म्हणजे लांबूनच कळावं समोर कोण येतंय. आणि फुवाकूचा अर्थ काय तर ज्याच्या मनात आता शंका उरली नाही असा माणूस, कन्फ्यूशियस म्हणून गेलाय म्हणे की चाळिशीत माणसाचं असं होतं. आपल्याकडे साठी बुद्धी नाठी म्हणतात, त्यांच्याकडे साठीत लाल चड्डी.

ग्रुपवर नेहमीसारखे हसणारे चेहरे पडले, गुड मॉर्निंगची दोन फुलं पडली. आणि रात्री साडेअकराला ट्रॉलरवाल्याचा मेसेज, "आपण कदी?"

चाकरमान्यानं सांगितलं, मलेशियात क्वालालंपूरजवळ पेटालिंग जायाला चाळिशीच्या वरच्यांची एक स्पर्धा असते, दहा-दहा जणांची. हा दहा जणांचा प्रकार निघालाच मुळी मलेशियातून, कोब्रा नावाच्या क्लबमुळे, आणि कोब्रा म्हणजे साप नाही, वेगवेगळ्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांचा एकत्र क्लब, त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत ती. माजी विद्यार्थी! हे ऐकल्यावर कोण थांबतंय.

तारीख ठरवणं मात्र खेळापेक्षा कठीण. बागायतदार म्हणाला मार्च ते मे माझं नाव घेऊ नका, कलमांवर आंबा असताना मी बापाच्या पण हाकेला जात नाही. ट्रॉलरवाला जून-जुलै मोकळा, बंदी असते, पण तेव्हा भाट्याला लाटा अशा की किनाऱ्यावर उभं राहायची सोय नाही. मग गणपती, गणपतीत कोकणी माणसाला मलेशिया काय, शेजारच्या तालुक्यात बोलावून दाखवा. राहता राहिला नोव्हेंबर.

बारातले आठ तयार झाले. चार जागांवर आमच्या मागच्या बॅचची पोरं घेतली, पोरं म्हणजे पंचेचाळीशीची.

प्रॅक्टिसचं टाइमटेबल ट्रॉलरवाल्यानं लावलं, तिथीप्रमाणे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, भरती दुपारच्या आधीच येऊन जाते आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला पाणी पार आत गेलेलं, ओली घट्ट वाळू, पडलं तरी हाड मोडत नाही. सप्तमी-अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटी कमी, आणि तेव्हा नेमकी संध्याकाळी भरती, मग सुट्टी. कुठल्या देशाची टीम अष्टमीची सुट्टी घेते माहिती नाही, आम्ही घेतली.

आणि नारळ यासाठी की मुंबईहून बॉल यायला तीन आठवडे लागले. हसू नका, मणिपुरात युबी लाकपी म्हणून खेळ आहे तो नारळावरच खेळतात, वर तेल लावून, निसटावा म्हणून. आम्ही तेल नाही लावलं, आमच्या हातून तसाच निसटत होता. असोला नारळ किलोच्या वर भरतो आणि खरा बॉल साडेचारशे ग्रॅमच्या आत-बाहेर, त्यामुळे बॉल आल्यावर बागायतदार म्हणाला, "आतलं पाणी आटलंय काय रे हेचं?"

रग्बीत बॉल हातानं पुढे टाकायचा नाही, पास मागेच द्यायचा, हे आठवड्यात जमलं. नाही जमलं ते सोडणं.

म्हणजे बघा, कबड्डीत पकड म्हणजे पकड. घोटा हातात आला की शिट्टी होईपर्यंत सोडायचा नाही, सरांनी छडी मारून शिकवलेलं. रग्बीत उलटं आहे. धरा, पाडा, आणि पडला की त्या क्षणी सोडा, नाहीतर पेनल्टी. आमचा एसटी ड्रायव्हर शाळेत डाव्या कोपऱ्यात खेळायचा, त्याची घोट्याची पकड तालुक्यात फेमस. तो पकडतो ते डोळे मिटून. वाळूत चाकरमानी आडवा पडलाय, ओरडतोय "सोड रे मेल्या, सोड!" आणि हा आणखी आवळतोय, कारण कबड्डीत समोरचा ओरडायला लागला म्हणजे पकड बरोबर बसली. रोजचं हेच. किनाऱ्यावर भेळ खायला आलेली माणसं एकदा मधे पडली, खरी मारामारी समजून.

(रत्नागिरी स्टेशन, रात्र. पिशव्या, डबे, माणसं.)

निघायच्या दिवशी अर्धी आळी स्टेशनवर. आम्ही दहावीला होतो तेव्हा हे स्टेशनच नव्हतं, कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली 1998 ला. हायवेनं जाऊया असं कुणीतरी म्हणालं होतं, त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. ड्रायव्हरच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, कोकमच्या आगळाच्या सहा बाटल्या दिल्या आणि कॅमेऱ्यात बघून म्हणाल्या, "ह्यांना सांभाळून आणा, सोमवारी ड्यूटी आहे." एवढंच.

(पेटालिंग जाया. हिरवं मैदान, काळं आभाळ.)

सकाळी नाश्त्याला नासी लेमाक. नारळाच्या दुधातला भात, बाजूला सुके बारीक मासे, शेंगदाणे, लालभडक चटणी. बागायतदारानं पहिला घास घेतला आणि म्हणाला, "इतक्या लांब कशाला आलो मग?" तीन वेळा घेतला.

पहिली मॅच. दहा-दहा मिनिटांचे दोन हाफ, ऐकायला काही वाटत नाही, त्या दमट हवेत दहा मिनिटं पळून बघा. समोर सिंगापूरची टीम, सगळे दाढ्या पिकलेले. त्यांचा एक दांडगा सुटला आणि आमच्या ड्रायव्हरनं सूर मारून घोटा धरला, काय पकड होती! तो माणूस झाड पडावं तसा पडला. आणि मग रेफरी "रिलीज! रिलीज!" ओरडतोय आणि ड्रायव्हर डोळे मिटून. पेनल्टी. पुन्हा तेच. पुन्हा पेनल्टी. सहा पेनल्ट्या दिल्या आम्ही, त्यातल्या चार एकट्या ड्रायव्हरच्या, शेवटी रेफरीनं त्याला पिवळं कार्ड दाखवून बाहेर बसवलं. बाहेर येऊन मला म्हणतो, "पण सुटला का सांग." नाही सुटला. सपाटून हरलो.

दुसरी मॅच अर्ध्यावर विजा कडाडायला लागल्या म्हणून थांबली, तिकडे दुपारी हे रोजचंच. पाऊणतास सगळ्या टीम एका शेडखाली. आमच्या चाकरमान्यानं तेवढ्यात तिथल्या लोकांना कलकत्ता कपची गोष्ट सांगून घेतली, त्याला कुठेही सांगायची असते ती. कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद पडला तेव्हा त्यांनी बँकेतले चांदीचे 270 रुपये काढून वितळवले आणि कप केला, त्याच्यासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड 1879 पासून खेळतायत, वर हत्ती आणि कान तीन नागांचे. नाग म्हटल्यावर तिथले लोक कोब्रा-कोब्रा करून खूश. ती मॅच पण हरलो, पण पेनल्टी एकच.

तिसरी स्थानिक टीमशी. शेवटची दोन मिनिटं, आम्ही दहा-शून्य मागे. बॉल ट्रॉलरवाल्याकडे आला. शाळेत हा आमचा चढाईवाला. लाइनपासून दोन हातांवर त्याला दोघांनी पाडलं, तिथे संपायला पाहिजे होतं, पण हा पडलेल्या जागेवरून एक हात लांब करतो, कबड्डीत मध्यरेषेला करायचा तसाच, आणि बॉल लाइनीपलीकडे टेकवतो. ट्राय! रग्बीत हे चालतं, लगेच केलं तर. पाच पॉइंट. नंतरची किक शेजारच्या मैदानात गेली ते जाऊ द्या. दहा-पाच.

(संध्याकाळ. दोन्ही टीम एकत्र. कोकम सरबताचे ग्लास.)

मॅच संपल्यावर दोन्ही टीमनी बसून खायचं-प्यायचं, ही रग्बीची पद्धत. त्यांनी विचारलं, तो हात लांब करायचं कुठे शिकलात. मग काय, चपलांनी गवतावर रेषा मारली. सात-सात. मलेशियन आजोबांना "कबड्डी कबड्डी" म्हणायला शिकवलं, दम दोन वेळा "कबड्डी" म्हणेपर्यंत संपत होता.

ट्रॉलरवाला चढाईला गेला. त्यांच्यातल्या एकानं, साठीचा असेल, झेप घेऊन त्याचा घोटा धरला, स्वच्छ, सरांनी पाठ थोपटली असती असा. ट्रॉलरवाला आडवा. आणि त्या सद्गृहस्थानं, जन्मभराची सवय, पडल्या क्षणी दोन्ही हात वर करून त्याला सोडून दिला.

ट्रॉलरवाला उठला, गवत झटकलं, चालत-चालत रेषा ओलांडली. आणि आमचा ड्रायव्हर, जो त्यांच्या बाजूनं खेळत होता, डोक्याला हात लावून त्या मलेशियन माणसाला मराठीत ओरडतोय,

"अरे मेल्या, सोडलास कशाला!"