सिचुआनी हॉटेलात जेवण मागवताना

सिचुआनी हॉटेलातून नाराज होऊन बाहेर पडणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. सगळंच जहाल होतं, सगळ्यावर तेल तरंगत होतं, आणि तिसऱ्या पदार्थानंतर कशाचीच चव लागेना. यात आचाऱ्याचा दोष क्वचितच असतो. चीनच्या सिचुआन भागातल्या चेंगडू किंवा चोंगचिंग या शहरांतल्या हॉटेलात मेनू ही नुसती यादी असते. तिच्यातून जेवण उभं करणं हे पाहुण्याचं काम. मी आज त्याच कामाबद्दल बोलणार आहे.

पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येकानं आपापली डिश मागवायची नाही. सगळं मध्ये ठेवायचं आणि सगळ्यांनी त्यातून घ्यायचं. माणसं जितकी असतील त्यात एक मिळवा, तितके पदार्थ पुरतात. भात आणि सूप वेगळं. दुसरा नियम मला जास्त महत्त्वाचा वाटतो: टेबलावर एकच चव दोनदा येऊ द्यायची नाही. सिचुआनी पाककलेत मिश्र चवींचे वीसहून जास्त प्रकार मानतात आणि ‘माला’, म्हणजे जीभ बधिर करणारं तिखट, हा त्यातला फक्त एक. चौघांसाठी मी असं सुचवेन: सुरुवातीला ठेचलेल्या काकडीची लसूण घातलेली थंड डिश, मग माला चवीचं मापो तोफू, आंबटगोड कुंग पाओ चिकन, लोणच्याच्या मिरचीत केलेलं यूश्यांग (शब्दशः ‘माशाच्या वासाचं’) वांगं, आणि नुसत्या लसणीवर परतलेली एखादी पालेभाजी. जोडीला पातळ, बिनतिखट सूप. भात मात्र पदार्थांबरोबरच आणायला सांगा. मोठ्या मेजवानीत तो अगदी शेवटी येतो, त्यामुळे न सांगितल्यास उशीर होऊ शकतो, आणि भाताशिवाय मापो तोफू खाण्यात अर्थ नाही.

आता त्या बधिरपणाविषयी. तो मिरचीमुळे येत नाही, ह्वाज्याओमुळे येतो, म्हणजे ‘सिचुआन पेपर’ नावाच्या मसाल्याच्या फळामुळे. मिरची चीनमध्ये पोहोचली ती 16व्या शतकाच्या अखेरीस, अमेरिका खंडातून. ह्वाज्याओ मात्र तिथं त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि कोकण-गोव्याच्या माणसाला ते परकं वाटायचं कारण नाही. बांगड्याच्या तिखल्यात आपण घालतो ते तिरफळ त्याच वनस्पतिकुळातलं, झँथोझायलम या एकाच प्रजातीतलं आहे. तिरफळाचं काळं बी आपण काढून टाकतो. ह्वाज्याओचंही बी टाकतात, वापरतात ती वरची साल. तिच्यातल्या सॅनशूल या द्रव्यामुळे ओठांना मुंग्या येतात. लंडनमध्ये झालेल्या एका प्रयोगात ही थरथर सेकंदाला सुमारे 50 कंपनांइतकी जाणवते असं दिसलं होतं. लाल आणि हिरवं असे दोन प्रकार हॉटेलात भेटतात. लाल अधिक उबदार, लाकडासारख्या वासाचं. हिरव्याला लिंबाच्या सालीचा वास, म्हणून ते माशाबरोबर जास्त शोभतं. बधिरपणा दहा-पंधरा मिनिटं टिकतो आणि तेवढ्या वेळात नाजूक चवी कळत नाहीत. म्हणून सूप आणि थंड पदार्थ आधी चाखावेत, माला नंतर. तिखट लागलं तर पाण्यानं उपयोग होत नाही, कारण मिरचीचा दाह करणारं द्रव्य पाण्यात विरघळत नाही. भात घ्या, नाहीतर गार सोया दूध.

स्वयंपाकघर चांगलं आहे की नाही, हे मापो तोफूवरून ओळखता येतं. हा पदार्थ चेंगडूचा, 1862च्या सुमाराचा मानतात. तोफूचे तुकडे आधी मिठाच्या गरम पाण्यातून काढलेले असतात, त्यामुळे ते मऊ असूनही मोडत नाहीत. रंग आणि खमंगपणा येतो तो पीश्यानच्या दोउबानपासून, म्हणजे मोठ्या घेवड्यासारख्या बाकला दाण्यांची आणि मिरचीची बराच काळ आंबवलेली चटणी. ती तेलात मंद आचेवर परतावी लागते. घाई केली तर तेल लाल होत नाही आणि कच्चट वास राहतो. रस दाट करायला स्टार्चचं पाणी एकदम नाही, थोडं थोडं करून तीनदा घालतात. एकदाच ओतलं तर तोफू पाणी सोडतो आणि ताटलीत खाली पातळ ओघळ दिसतो. ह्वाज्याओची पूड अगदी शेवटी, वरून. पदार्थ आला की वाफेबरोबर तिचा वास नाकात शिरला पाहिजे. नाही आला तर पूड जुनी आहे.

कुंग पाओ चिकनचं नाव सिचुआनचे राज्यपाल डिंग बाओचेन (1820–1886) यांच्या पदवीवरून पडलं. इथं पाहायचं ते रसाकडे. त्यानं तुकड्यांना फक्त लेपायचं असतं, ताटलीत तळं साचता कामा नये. सुकी मिरची तपकिरी-लाल हवी. काळी झाली म्हणजे तेल जास्त तापलं आणि सगळ्याला कडवटपणा आला. शेंगदाणे शेवटी पडलेले असले तरच कुरकुरीत राहतात.

फरसबीची कोरडी भाजी मागवलीत तर एवढं बघा: शेंगेला सुरकुत्या पडलेल्या हव्यात. हिरवीगार, दाताखाली करकरणारी शेंग आली तर परत पाठवा, संकोच करू नका. कच्च्या फरसबीत लेक्टिन असतं, त्यानं उलट्या आणि पोटदुखी होते.

काही ताटल्यांत निम्मं सामान खायचं नसतंच. चोंगचिंगच्या लात्झची या पदार्थात मिरच्यांच्या ढिगातून चिकनचे बारीक तुकडे शोधून खायचे आणि मिरच्या तशाच ठेवायच्या. श्वेजू यू, म्हणजे मिरचीच्या तेलाखाली शिजलेला मासा, झाऱ्यानं निथळून वाटीत घ्यायचा. ते तेल सूप समजून भातावर ओढलं की पुढचं जेवण संपलंच. मासा बऱ्याचदा वजनावर विकतात आणि भाव ‘जिन’चा लिहिलेला असतो. एक जिन म्हणजे 500 ग्रॅम. मासा साधारण किती भरेल, हे मागवण्याआधी विचारून घ्या.

शाकाहारी मंडळींनी, आणि गोमांस वा डुकराचं मांस न खाणाऱ्यांनीही, इथं फार सावध राहायला हवं. पदार्थाच्या नावात तोफू किंवा भाजी आहे म्हणून तो शाकाहारी ठरत नाही. मापो तोफूत परंपरेनं गोमांसाचा खिमा असतो, चेंगडूबाहेर बऱ्याच ठिकाणी डुकराचा. यूश्यांग वांग्यात मासा नसतो, पण खिमा असू शकतो. फरसबीतही तेच. पालेभाजी चरबीत परतलेली किंवा कोंबडीच्या अर्कात शिजवलेली निघते, आणि ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, तर कुठंही असतो. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर मोठे तुकडे वगळतात, खिमा आणि अर्क राहतो. खिमा, चरबी, हाडांचा अर्क, ऑयस्टर सॉस यांतलं काहीच नको, असं चिनी लिपीत लिहून घेऊन फोनवर ठेवा आणि वाढप्याला दाखवा. याहून निर्धास्त जागा म्हणजे बौद्ध मठांची भोजनालयं. चेंगडूच्या वेनशू मठात असं एक आहे. बौद्ध परंपरेच्या स्वयंपाकात कांदा-लसूणही वर्ज्य, तेव्हा चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्यालाही तिथं जेवता येईल. ताटलीत मांसासारखं जे दिसतं ते गव्हाचं ग्लुटेन, सोया दुधाची साय किंवा कोन्याकू, म्हणजे एका कंदाच्या पिठाची जेली, असतं.

हॉटपॉटचं, म्हणजे टेबलावरच उकळत्या रश्श्यात शिजवून खाण्याच्या प्रकाराचं, वेगळं सांगायला हवं. चोंगचिंगच्या लाल रश्श्याचा आधार गायीबैलांची चरबी असते, आणि वरून काही दिसलं नाही तरी ती त्यात असते. ज्यांना चालत नाही त्यांनी वनस्पती तेलाचा रस्सा आहे का ते विचारावं, नाहीतर मशरूमचा घ्यावा. दोन कप्प्यांचं भांडं मागवलं तरी पांढरा रस्सा बहुधा हाडांचाच निघतो. शिजवण्याचं गणित सोपं आहे: मांसाचे पातळ काप 10–15 सेकंद, बटाट्याच्या चकत्या पाचएक मिनिटं. मांस आधी, पालेभाजी नंतर, आणि पालेभाजी लाल कप्प्यात टाकू नका, ती स्पंजासारखं तेल शोषते. कच्च्या मांसाला लावलेल्या काड्या तोंडात घालायच्या नाहीत, त्यासाठी दुसरी जोडी मागा. बुडवून खायला चोंगचिंगमध्ये तिळाचं तेल आणि ठेचलेली लसूण देतात. ते चवीसाठी तर असतंच, शिवाय उकळत्या रश्श्यातून काढलेला तुकडा त्यात क्षणभर निवतो.

उरलेलं बांधून मागायला तिथं कुणी लाजत नाही. कुंग पाओ चिकन दुसऱ्या दिवशी चालतं, फक्त दाणे मऊ पडतात. मापो तोफू रात्रीत पाणी सोडतो, तो तिथंच संपवा. श्वेजू यूमधलं मिरचीचं तेल तर बांधून घेऊच नका.